एकांताचा जमाखर्च

आमचे एक स्नेही पिंपळे गुरव येथें राहतात. सेवानिवृत्त होऊन त्यांस दोन वर्षें झालीं. उभा जन्म पिंपरीच्या एका कारखान्याचा भोंगा ऐकण्यांत गेला. आतां तो भोंगा कानांवर येत नाहीं, परंतु त्याची जागा रस्त्यावरील वाहनांनीं, शेजारच्या इमारतीच्या बांधकामानें आणि रात्रीं उशिरापर्यंत वाजणाऱ्या कर्ण्यांनीं भरून काढली आहे. पवनेच्या कांठचें हें गांव एके काळीं शेतकऱ्यांचें लहानसें खेडें होतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती वाढत गेल्या. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. आणि पाहतां पाहतां ज्वारीच्या शेतांच्या जागीं मजल्यावर मजले चढले. आमच्या स्नेह्यांचें घर अशाच एका इमारतींत चौथ्या मजल्यावर आहे.

एके दिवशीं संध्याकाळीं नदीकांठीं फिरतां फिरतां ते एकदम म्हणाले, “आतां पुरें झालें. चाकणच्या पलीकडे एखाद्या डोंगराच्या कुशींत खोपट बांधतों, हातानें भाकरी थापतों, झऱ्याचें पाणी पितों आणि राहिलेले दिवस एकटा काढतों. कोणाचें देणें नाहीं, कोणाचें घेणें नाहीं. आपल्या साधुसंतांनीं तरी दुसरें काय केलें?”

मीं विचारलें, “वहिनी काय म्हणतात?”

ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तिला अजून सांगितलेलें नाहीं.”

ह्या लहानशा संभाषणानें मला बरेच दिवस विचार करावयास लावलें. एकांतांत राहणारा मनुष्य खरोखरच कोणाचें देणें न लागतां राहूं शकतो काय? पूर्वीं जे राहिले ते कसे राहिले? त्यांस पाणी कोठून मिळे, अन्न कोण देई, वस्त्र फाटलें तर नवें कोठून येई? संतचरित्रें ह्या प्रश्नांपाशीं फारशीं थांबत नाहींत, कारण त्यांचें लक्ष दुसरीकडे असतें. इतिहासाला मात्र ते टाळून चालत नाहीं. सुदैवानें ह्या प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यासाठीं आपणांस हिमालयांत जाण्याचें कारण नाहीं. पिंपळे गुरवाहून एका दिवसाच्या चालीच्या आंत तीन डोंगर असे आहेत कीं, त्यांवर निरनिराळ्या काळीं माणसें एकांतासाठीं येऊन राहिलीं. पुणें-मुंबईच्या जुन्या रस्त्याच्या कडेला शेलारवाडीचा घोराडेश्वर, इंद्रायणीच्या पलीकडे इंदोरीजवळचा भंडारा, आणि चाकणच्या पश्चिमेस भामचंद्र. ह्या तिन्ही डोंगरांच्या कड्यांत जुनीं लेणीं आहेत. त्यांचा हिशेब एकदां मांडून पाहण्यासारखा आहे.

आरंभ घोराडेश्वरापासून करूं. येथील लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं. त्यांस सुमारें दोन हजार वर्षें होत आलीं. पुढें त्यांतील एका दालनांत शिवलिंगाची स्थापना झाली आणि डोंगराला देवाचें नांव पडलें. परंतु मूळ योजना भिक्षूंच्या वर्षावासाची. पावसाळ्यांत भिक्षूनें भटकूं नये, तीन महिने एके ठिकाणीं राहावें, असा त्यांचा नियम होता. नुकतीं उगवलेलीं पिकें आणि बारीक जीवजंतु फिरत्या भिक्षूंच्या पायांखालीं चिरडले जातात, असा आक्षेप लोकांनीं घेतल्यावरून हा नियम झाला, असें विनयपिटकांत सांगितलें आहे. भिक्षूची मालमत्ता आठ वस्तूंची: तीन वस्त्रें, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचें फडकें. ह्याहून साधा संसार कल्पनेंत आणणें कठीण आहे.

परंतु ह्या साधेपणाची दुसरी बाजू पाहा. भिक्षूनें जमीन खणावयाची नाहीं, झाडाची फांदी तोडावयाची नाहीं, स्वतः रांधावयाचें नाहीं, धान्य सांठवावयाचें नाहीं, आणि दुपार टळल्यावर जेवावयाचें नाहीं. म्हणजे रोज सकाळीं पात्र घेऊन डोंगर उतरणें, गांवांतील दारोदार उभें राहणें, मिळेल तें घेऊन परतणें आणि सूर्य माथ्यावर येण्यापूर्वीं जेवून मोकळें होणें, हा त्याचा नित्यक्रम ठरलेला. ज्याला अन्न सांठवितां येत नाहीं त्याला गांव सोडतां येत नाहीं. म्हणूनच हीं लेणीं घोर अरण्यांत सांपडत नाहींत. तीं घाटवाटांच्या आणि वस्त्यांच्या जवळ, परंतु कोलाहलाच्या जरा वरतीं सांपडतात. बोरघाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग ह्याच बाजूनें जात असे. एकांताची जागा निवडतांना भाकरीचें अंतर आधीं मोजलें जात असे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पाण्याची गोष्टही तशीच. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर पाऊस चार महिने कोसळतो आणि उरलेले आठ महिने डोंगर कोरडा पडतो. म्हणून लेण्याच्या बाजूला खडकांतच टांकें खोदीत. तोंड लहान, पोट मोठें, म्हणजे उन्हानें पाणी आटावयाचें नाहीं. जुन्नर आणि कान्हेरी येथील शिलालेखांत अशा टांक्याला ‘पोढी’ म्हटलें आहे, आणि कोणी किती पोढ्या दान दिल्या ह्याची नोंद तेथें वारंवार येते. भिक्षु ज्या पाण्यानें तोंड धुवी तें पाणी आभाळांतून पडलेलें खरें, परंतु तें सांठविणारें टांकें कोणीतरी मजुरी देऊन खोदून घेतलेलें असे.

हें ‘कोणीतरी’ कोण? घोराडेश्वराच्या लेण्यांतील एक लेख त्याचें उत्तर देतो. धेनुकाकट येथें राहणारा उसभणक नांवाचा कुटुंबिक होता. त्याला लेखांत ‘हालकीय’ म्हटलें आहे. म्हणजे तो हल धरणारा, नांगर चालविणारा शेतकरी. त्याची बायको सिअगुतनिका हिनें आपला मुलगा नंद ह्याच्यासह हें लेणें दान दिलें, असें त्या लेखांत आहे. राजा नव्हे, सेनापति नव्हे. शेतकऱ्याच्या घरची एक बाई. तिनें कणग्यांतील धान्य विकून पैसे उभे केले कीं आणखी कसे, हें लेख सांगत नाहीं. परंतु कोणा अनोळखी भिक्षूला पावसांत निवारा मिळावा म्हणून तिनें एक अख्खा कडा पोखरून घेतला. त्या लेण्यांत अंग टाकून किती जणांनीं किती पावसाळे काढले असतील! त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें गेलीं. निवारा देणाऱ्या बाईचें नांव राहिलें. एकांताच्या इतिहासांत असा न्याय क्वचितच झालेला आहे. पुढें आपण ह्याच्या उलट उदाहरण पाहणार आहों.

लेणें आणि टांकें एकदां कोरलें म्हणजे झालें. पण वस्त्र दरसाल लागतें. ह्या खर्चाचा रोकडा हिशेब पाहावयाचा तर नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरावर जावें लागतें. तेथील दहाव्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा लेख आहे. त्यानें भिक्षूंसाठीं ३,००० कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे कधींही मुद्दल न मोडावयाची ठेव, करून दिली. त्यांतील २,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक ह्या व्याजानें ठेवले. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण दरानें. त्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकीं प्रत्येकाला चीवरासाठीं १२ कार्षापण द्यावे, अशी व्यवस्था पहिल्या ठेवीची. वाचकांनीं स्वतः गुणाकार करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे सालाचे दोनशें चाळीस; आणि वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा म्हणजेही दोनशें चाळीस. एक कवडी इकडे नाहीं, एक कवडी तिकडे नाहीं. सर्वसंगपरित्याग केलेल्या पुरुषाच्या अंगावरील वस्त्राची किंमत इतकी कांटेकोर ठरलेली होती, आणि ती गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या मागावर महिन्याच्या महिन्याला विणली जात होती.

आतां चिंचवडाकडे वळूं. पिंपळे गुरवाहून पवनेच्या कांठानें वर गेलें कीं सुमारें दोन कोसांवर मोरया गोसावींची समाधि लागते. परंपरेनें सांगितलेली त्यांची कथा अशी कीं, मोरगांवीं गणपतीची उपासना करीत असतां त्यांच्या भोंवतीं लोकांची इतकी गर्दी होऊं लागली कीं उपासनेला निवांतपणा उरेना. तेव्हां ते पवनेच्या कांठच्या त्या वेळच्या रानांत येऊन राहिले. पण जेथें साधु जातो तेथें वाट पडते. ह्या रानांतही लोक आले; समाधीवर देऊळ झालें; पुढें चिंचवडच्या देवांचें संस्थान झालें आणि त्यास गांवें इनाम मिळालीं. गर्दी टाळण्यासाठीं निवडलेली जागा गर्दीचें तीर्थ होऊन बसली. ह्यांत कोणाला हंसण्याचें कारण नाहीं. एकट्या माणसाच्या शांतीची ज्यांना ओढ वाटते ते सगळे त्याच्याकडेच येणार, आणि येतांना तांदूळ, तूप, नवस आणि तंटे घेऊन येणार, हें ठरलेलेंच आहे. मात्र पूर्ण एकांत टिकवावयाचा असेल तर मनुष्यानें कोणाच्याही उपयोगी पडतां कामा नये, एवढा बोध त्यांतून निघतो; आणि असा एकांत मोरया गोसावींना तरी हवा होता काय, ह्याची मला शंका आहे.

परंतु एकांत म्हटला कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें भंडाऱ्यावरील तुकोबांचें. झाडावेलींस आणि वनचरांस सोयरे मानणारा त्यांचा अभंग आपण लहानपणीं शाळेंत पाठ केला. तेव्हांपासून डोंगर, झाडें, पांखरें आणि त्यांत एकटा बसलेला विठ्ठलभक्त हें चित्र मनांत घर करून आहे. तें चित्र खोटें नाहीं. पण त्याच्या कडेला जें आहे तें आपण पाहत नाहीं.

तुकोबांचा जन्म १६०८ सालचा. घर देहूच्या महाजनांचें. वाणीउदीम, सावकारी, शेत असें चांगलें चाललेलें. वयाच्या विशींत घरावर एकामागून एक आघात झाले. १६३० सालीं दख्खनेंत जो घोर दुष्काळ सुरू झाला त्यांत व्यापार बुडाला, गुरें गेलीं, आणि त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावांचून मेली. ही गोष्ट त्यांनीं स्वतःच्या अभंगांत लाजेनें आणि दुःखानें सांगून ठेविली आहे. मुलगाही गेला. ह्यानंतर ते भामनाथाच्या, म्हणजे आजच्या भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. तेथें पंधरा दिवस काढले असें परंपरा सांगते. तेव्हां त्यांचा धाकटा भाऊ कान्होबा त्यांस शोधीत शोधीत तेथें आला. एकांतवासाच्या ह्या पहिल्याच प्रसंगीं शोधावयास येणारें कोणीतरी होतें, हें आपण विसरतों. ज्याला शोधावयास कोणी येत नाहीं त्याचा एकांत निराळा; तो दुष्काळांत घरदार सोडून वाटेंतच पडलेल्या कुणब्यांचा एकांत. त्यावर कोणीं अभंग लिहिले नाहींत.

ह्यानंतरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. भाऊभाऊ देहूस आले आणि घरांतील कर्जखतें बाहेर काढलीं. त्यांचे दोन वांटे झाले. कान्होबांनीं आपला वांटा घेतला. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत सोडून दिलीं. दुष्काळानें आधींच पिचलेल्या कुळांचें ऋण त्या पाण्यांत बुडालें. सावकारानें आपल्या हातानें आपलें येणें बुडवावें, ही गोष्ट कोणत्याही काळांत लहान नाहीं. त्या दिवशीं देहूच्या पंचक्रोशींतील किती घरांत लोक सुखानें निजले असतील! पण त्याच दिवशीं एका घरांत उद्यांच्या पिठाची चिंता सुरू झाली. तें घर तुकोबांचें स्वतःचें.

त्या घरांत जिजाई होती. पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची ही मुलगी, माहेर सावकाराचें. लोक तिला आवली म्हणत. दुकान बसलेलें, खतें नदींत गेलेलीं, पदरीं मुलें, आणि नवरा भंडाऱ्यावर. अशा स्थितींत तिनें जो संसार चालविला त्याची वही कोणीं ठेविली नाहीं. तिचें बोलणें तिखट होतें एवढें मात्र सर्वांनीं लिहून ठेविलें. कीर्तनकारांनीं तिला रंगविली, नाटकवाल्यांनीं रंगविली, बोलपटवाल्यांनींही रंगविली. आणि कजाग बायकोची उपमा द्यावयाची झाली कीं अजूनही तिचें नांव निघतें. घोराडेश्वराच्या लेण्यांत निवारा देणारीचें नांव आदरानें कोरलें गेलें. भंडाऱ्याला भाकरी पोहोंचविणारीचें नांव हंशासाठीं राहिलें.

महिपतींनीं ‘भक्तलीलामृत’ १७७४ सालीं पुरें केलें, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर सव्वाशें वर्षांनीं. त्यांतील प्रत्येक प्रसंग शब्दशः इतिहास म्हणून घेतां येणार नाहीं; पण लोकांच्या आठवणींत काय टिकलें होतें हें त्यावरून कळतें. आणि टिकलें होतें तें हें: जिजाई रोज दुपारीं भाकरी घेऊन भंडाऱ्यावर जात असे. देहूहून भंडाऱ्याचा पायथा दीड-दोन कोस, मध्यें नदी, मग चढ. चैत्र-वैशाखांत तो खडक तव्यासारखा तापतो. एकदां वाटेंत तिच्या पायांत कांटा मोडला, ती कळवळून खालीं बसली, तेव्हां पांडुरंगानें स्वतः येऊन तिचा पाय हातांत घेतला आणि कांटा काढला, अशी कथा आहे. ह्या कथेकडे मी भाविक म्हणून पाहत नाहीं आणि अभाविक म्हणूनही पाहत नाहीं. ती ज्यांनीं रचिली आणि पिढ्यान् पिढ्या सांगितली त्यांचें मन मला तींत दिसतें. डोंगरावर भक्त चिंतनांत बसला होता. देव मात्र त्याच्याकडे न जातां वाटेवरच्या बाईच्या पायाशीं बसला. ज्या लोकांनीं तिला कजाग म्हटलें त्यांनींच हीही कथा जपली. एकांताचा हिशेब करतांना कोणाचें देणें राहून गेलें आहे, हें त्यांच्या अंतर्मनाला पक्कें ठाऊक होतें.

ह्या जागीं एका परदेशी मनुष्याची आठवण होते, आणि ती योग्यही आहे. कारण त्यानें एकांतवासाचा जमाखर्च पैनपै छापून ठेविला आहे. अमेरिकेंतील काँकर्ड गांवचा हेन्री डेव्हिड थोरो १८४५ सालच्या ४ जुलैला वॉल्डन नांवाच्या तळ्याकांठीं स्वतः बांधलेल्या झोंपडींत राहावयास गेला आणि १८४७ सालच्या सप्टेंबरांत परत आला. झोंपडी पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद. तिला खर्च आला २८ डॉलर साडेबारा सेंट. घेवड्याचें पीक काढून त्याला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट नफा झाला. आठ महिन्यांच्या खाण्याला ८ डॉलर ७४ सेंट लागले. सरकारचे अन्याय मान्य नसल्यामुळें कर भरण्याचें नाकारून तो एक रात्र तुरुंगांतही राहिला, आणि त्यावर त्यानें लिहिलेला निबंध पुढें गांधीजींनीं आदरानें वाचला. मोठा मनस्वी आणि प्रामाणिक पुरुष. पण त्याच्या जमाखर्चांत एक बारीक नोंद आहे. कपडे धुण्याचा आणि शिवण्याटिपण्याचा खर्च ह्यांत धरलेला नाहीं, कारण तीं कामें बहुतेक घराबाहेर झालीं आणि त्यांचीं बिलें अद्याप आलेलीं नाहींत, असें तो सांगून जातो.

मला वाटतें, एकांतवासाच्या साऱ्या वाङ्मयांत इतकी बोलकी नोंद दुसरी नसेल. झोंपडी ज्या जमिनीवर होती ती त्याच्या मित्राची, एमर्सनची; आईचें घर दीड-दोन मैलांवर, आणि तेथें तो जेवावयास जात असे; तुरुंगांतून सुटला तो दुसऱ्या कोणीतरी कर भरल्यामुळें. थोरोनें हिशेब ठेविला आणि छापला. तुकोबांनीं हिशेबाचे कागदच नदींत सोडले. दोघांच्या वृत्तींत जमीन-अस्मानाचें अंतर. तरीही एका जागीं दोघे सारखे आहेत: दोघांच्याही वहींत घरच्या बायकांचें बिल यावयाचें राहिलें.

येथें कोणी विचारील कीं, मग एकांतवास हें एक ढोंगच म्हणावयाचें काय? दुसऱ्याच्या भाकरीवर बसून केलेला वैराग्याचा डौल, एवढीच त्याची किंमत काय? मला तसें मुळींच वाटत नाहीं. वर मांडलेल्या हिशेबाला जमेची बाजूही आहे, आणि ती फार मोठी आहे. ज्या गांवानें भिक्षूला मूठभर भात दिला त्या गांवाला त्यानें धर्म सांगितला, औषध सांगितलें, भांडणें मिटविलीं. तुकोबा भंडाऱ्यावर कायमचे राहिले नाहींत. दिवसा डोंगर आणि रात्रीं देहूच्या देवळांत कीर्तन, असा त्यांचा क्रम होता. पडझड झालेलें घरचें विठ्ठलमंदिर त्यांनीं पुन्हां उभें केलें. आणि डोंगरावरच्या शांततेंत जें सांपडलें तें साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या रूपानें त्यांनीं खालीं आणून वांटून टाकलें. जिजाईच्या भाकरीवर आज सारा महाराष्ट्र जगतो, असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं. मात्र मग तिच्या नांवावर तेवढी जमा धरली पाहिजे. तक्रार एकांताविरुद्ध नाहीं. तक्रार आहे ती एकांताच्या खोट्या हिशेबाविरुद्ध, ‘मी कोणाचें कांहीं घेत नाहीं’ ह्या एका वाक्याविरुद्ध.

आपल्या जुन्या गांवगाड्यानें ही गोष्ट नीट ओळखली होती, आणि तिचा पुरावा आमच्या स्नेह्यांच्या गांवाच्या नांवांतच आहे. गुरव म्हणजे देवळाचा राखणदार पुजारी. गांव झोंपलेला असतांना देवळांत दिवा लावणारा, एकट्यानें झाडलोट करणारा, गाभाऱ्याच्या अंधारांत देवाशेजारीं दिवस काढणारा हा मनुष्य. त्याचाही एक प्रकारचा एकांतच. पण त्याला कोणीं साधु म्हटलें नाहीं, आणि तोही आपणांस निःस्पृह म्हणवीत नसे. तो घरोघर बेल आणि पत्रावळी पोहोंचवी. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपला बलुत्याचा वांटा उघडपणें मागून घेई. देणाऱ्याला आपण कोणास काय देतों हें ठाऊक होतें. घेणाऱ्यालाही आपण काय घेतों आणि कशाबद्दल घेतों हें ठाऊक होतें. बलुतेदारींत दुसरे दोष होते, आणि जातीच्या उतरंडीनें तर कित्येकांचा वांटा कायमचा खालीं ठेविला. तें विसरतां येत नाहीं. परंतु एकट्या राहणाऱ्या माणसाचें जगणें कोणाच्या कष्टावर चालतें, हें त्या खळ्यावर लपून राहत नसे.

आज भामचंद्राच्या पायथ्याच्या बाजूला चाकणच्या वाहनांच्या कारखान्यांची वसाहत पसरली आहे. भंडाऱ्यावर मोटारी जातात. घोराडेश्वराच्या पायऱ्यांवर रविवारीं सकाळीं व्यायामासाठीं चढणाऱ्यांची रांग लागते. तरी अभ्यासासाठीं भामचंद्रावर येऊन राहणारे वारकरी साधक अजूनही असतात, आणि आसपासच्या गांवांतून माधुकरीही मिळते. दोन हजार वर्षांत पुष्कळ बदललें. पण डोंगरावर बसणाऱ्याच्या पात्रांत खालच्या चुलीवरची भाकरी पडते, हें बदललेलें नाहीं.

हें सर्व मीं आमच्या स्नेह्यांना थोडें थोडें करून सांगितलें. ते कांहीं दिवस रुष्ट होते. मग एका सकाळीं दोघे पतिपत्नी घोराडेश्वरावर जाऊन आले. वहिनींच्या गुडघ्यांना पायऱ्या जड जातात, म्हणून तीन ठिकाणीं बसून बसून चढल्या. वर पोहोंचल्यावर त्यांनीं फडक्यांत बांधून आणलेली भाकरी सोडली. तेव्हां स्नेह्यांनीं त्यांना प्रथमच आपल्या मनांतील खोपटाची गोष्ट सांगितली.

वहिनी म्हणाल्या, “जा कीं. मी कधीं अडविलें? पण मलाही चाळीस वर्षांत एक दिवस एकटीला निवांत बसावयास मिळालेलें नाहीं. आधीं चार दिवस मी जाऊन येतें, घर तुम्ही सांभाळा. मग तुम्ही जा.”

खोपटाचें काय ठरलें तें मला ठाऊक नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत मी त्यांच्याकडे गेलों तेव्हां वहिनी आळंदीस बहिणीकडे गेल्या होत्या, आणि आमचे स्नेही स्वयंपाकघरांत पिठानें माखलेल्या हातांनीं भाकरी थापीत होते. भाकरी कांठाला फाटली होती आणि मध्यें करपली होती. ती तव्यावरून काढतां काढतां ते म्हणाले, “ही रोज दोन वेळां व्हावयाची, हें इतकीं वर्षें कधीं ध्यानांत आलें नाहीं.” मग त्यांनीं अर्धी मोडून माझ्या ताटांत वाढली.